पेशीचं दार आतून कोण उघडतं?

२०२५ च्या जानेवारीत धायरीहून आत्याचा फोन आला. पुण्याच्या सिंहगड रोडच्या पट्ट्यात, म्हणजे नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात, चांगली धडधाकट माणसं हातापायांतलं बळ जाऊन दवाखान्यात भरती होत होती. गुलेन बॅरी सिंड्रोम, थोडक्यात जीबीएस, हे नाव तोवर फक्त न्यूरॉलॉजिस्टच्या तोंडी असायचं. आठवड्याभरात ते आमच्या दूधवाल्याच्याही तोंडी आलं. संशयित रुग्णांचा आकडा पुढे दोनशेच्या वर गेला. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय नावाचा जंतू सापडला आणि सगळ्यांची बोटं पाण्याकडे वळली.

"अगं, तू मायक्रोबायोलॉजी शिकलीस ना?" आत्या म्हणाली. मागे पातेल्यात पाणी खदखदत असल्याचा आवाज येत होता. "जुलाबाचा जंतू पोट बिघडवेल, हे मला कळतं. पण त्याने पाय कसे लुळे पडतात? त्याचं पायाशी काय देणंघेणं?"

मी घाईत होते, काहीतरी अर्धंमुर्धं सांगितलं. पूर्ण उत्तर द्यायचं तर आधी वेगळंच काहीतरी विचारावं लागतं. रोगाचा जंतू शरीरात गेल्यावर करतो तरी काय? 'जंतू पोटात गेला' आणि 'माणूस आजारी पडला' ही दोन वाक्यं आपण एका दमात बोलून टाकतो. त्या दोन वाक्यांच्या मधे काय घडतं, हे शोधण्यात स्टॅन्ली फाल्को नावाच्या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने पन्नासएक वर्षं घालवली. त्याच्या कामाचं बोट धरून गेलं तर आत्याच्या प्रश्नापर्यंत नीट पोचता येतं.

जंतू कोण, पेशी किती मोठी

बोलण्यात आपण सगळ्यांनाच जंतू म्हणतो, पण त्यात दोन जाती आहेत. जिवाणू हा एकाच पेशीचा, पण स्वतःचा संसार असलेला जीव. तो खातो, वाढतो, दुभंगून एकाचे दोन होतो. विषाणूला स्वतःचा संसार नसतो, तो दुसऱ्याच्या घरात शिरल्याशिवाय काहीच करू शकत नाही. करोना, फ्लू, डेंग्यू हे विषाणूंचे. टायफॉइड, कॉलरा, क्षय, डांग्या खोकला हे जिवाणूंचे. या लेखात जंतू म्हटलं की जिवाणूच समजा.

पेशी म्हणजे शरीराची वीट, असं शाळेत शिकवतात. विटेपेक्षा मला मांडव जास्त पटतो. बाहेरून पातळ पडदा आणि आत बांबूंचा सांगाडा. ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे हे धागेरूपी बांबू पेशी गरजेनुसार सतत उभे करते आणि उतरवते. हा सांगाडा लक्षात ठेवा, पुढची बरीचशी गंमत त्याच्यातच आहे. पेशी दहा फुटी खोलीएवढी धरली, तर जिवाणू त्या खोलीतल्या मांजराएवढा.

आणखी एक गोष्ट. आपल्या अंगावर आणि आतड्यात मिळून सुमारे अडतीस लाख कोटी जिवाणू राहतात आणि आपल्या स्वतःच्या पेशी आहेत सुमारे तीस लाख कोटी. एवढ्या भाडेकरूंपैकी बहुतेकांचा आपल्याला काडीचा त्रास नाही. मग मूठभर जातीच आजारी का पाडतात? त्यांच्याकडे असं काय असतं जे बाकीच्यांकडे नाही? फाल्कोच्या कामाची सुरुवात इथून होते.

कॅप्सूलमधलं औषध

फाल्कोचा जन्म १९३४ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या अल्बानीचा. लहानपण बरंचसं न्यूपोर्ट गावात गेलं. अकराव्या वर्षी तिथल्या वाचनालयात जंतू शोधणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गोष्टी हाती लागल्या आणि पोरगा कायमचा त्या नादाला लागला. कॉलेजच्या सुट्ट्यांत तो रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करायचा. रोग्याचं रक्त, थुंकी, शौच यांतून जंतू वाढवून ओळखायचे, हे ते काम.

ज्यांनी हे काम केलंय त्यांना त्या खोलीचा वास आठवेल. उकळलेल्या मांसाच्या अर्काचा, ऑटोक्लेव्हच्या वाफेचा. तारेचं कडं बर्नरवर लाल करायचं, गार होऊ द्यायचं, नमुन्यात बुडवून बशीतल्या जेलीवर रेघोट्या ओढायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण उघडून बघायचं की काय उगवलंय. मी तीन वर्षं हे केलं. त्या सकाळच्या उत्सुकतेची सर मला पुढे कशालाच आली नाही.

१९५७ साली फाल्को एका रुग्णालयात जिवाणूतज्ज्ञ म्हणून काम करत होता. शस्त्रक्रियेआधी रोग्यांना अँटिबायोटिकचा मोठा डोस द्यायची तेव्हा पद्धत होती. त्यातून पोटातले नेहमीचे भाडेकरूही मरत आणि रोग्यांना जुलाब लागत. तिथल्या एका डॉक्टरच्या डोक्यात आलं, की दाखल होताना रोग्याचं शौच जपून ठेवावं आणि शस्त्रक्रियेनंतर ते त्यालाच परत द्यावं. फाल्कोने ते कॅप्सूलमध्ये भरलं. काही रोग्यांना आपल्या कॅप्सूलमध्ये काय आहे हे न कळताच ती दिली गेली. व्यवस्थापकाच्या कानावर गेल्यावर त्याने फाल्कोला विचारलं, की तू रोग्यांना विष्ठा खायला घालतोस हे खरं का. खरंच होतं. नोकरी गेली, दोन दिवसांनी परत मिळाली, प्रयोग मात्र बंद झाला.

रोग्याला न सांगता असं काही देणं आज कुणी खपवून घेणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पण कल्पना वाया गेली नाही. निरोगी माणसाच्या आतड्यातले जिवाणू रोग्याला देणं हा हट्टी जुलाबांवरचा मान्य उपचार आहे, आणि २०२३ साली अमेरिकेत अशा जिवाणूंच्या कॅप्सूललाही रीतसर परवानगी मिळाली.

परीक्षेच्या खिडकीतून येणारी चिठ्ठी

१९५० च्या दशकाअखेर जपानी डॉक्टर एका गोष्टीने चक्रावले होते. आमांशाचा जंतू एकाच वेळी चार-चार औषधांना दाद देईना. जंतूत बदल होऊन एखाद्या औषधाची सवय झाली असेल, हे समजण्यासारखं होतं. पण चारही औषधांची एकदम? शिवाय हा गुण जंतू एकमेकांना देत होते, तोही जात ओलांडून.

हे काय आहे, हे दाखवणाऱ्यांत फाल्को होता. जिवाणूची मुख्य डीएनए म्हणजे त्याचं पाठ्यपुस्तक मानलं, तर त्याच्याजवळ कधीकधी सुट्या चिठ्ठ्याही असतात. डीएनएचं एक छोटं वर्तुळ, ज्यावर चार-दोन उपयोगी गोष्टी लिहिलेल्या. याला प्लाझ्मिड म्हणतात. दहावीच्या परीक्षेला शाळेच्या खिडकीतून जशा चिठ्ठ्या आत येतात, अगदी तशीच ही एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाते. आपल्याकडे कॉपीमुक्त अभियान तरी निघतं, जंतूंच्या शाळेत तेवढीही सोय नाही.

ही चिठ्ठी खरोखर वेगळी डीएनए आहे हे ओळखायला फाल्कोने छान युक्ती वापरली. वेगवेगळ्या जातींच्या डीएनएची घनता थोडी वेगळी असते. दाट क्षाराच्या द्रावणात घालून डीएनए प्रचंड वेगाने फिरवली की प्रत्येकीचा पट्टा नळीत आपापल्या उंचीवर स्थिरावतो. ई. कोलाय या आतड्यात राहणाऱ्या जंतूमधली चिठ्ठी त्याने प्रोटियस नावाच्या जंतूत जाऊ दिली, कारण प्रोटियसची डीएनए बरीच हलकी असते. नळीत प्रोटियसचा पट्टा आपल्या जागी आणि त्याच्यापासून लांब पाहुण्याचा पट्टा.

पुढे त्याच्या गटाला दिसलं, की चिठ्ठीवर औषधांची उत्तरंच असतात असं नाही, आजार घडवण्याची कृतीही असते. प्रवासात बाहेरचं खाऊन जुलाब लागतात, त्यामागे बऱ्याचदा ई. कोलायची एक जात असते. तिचं विष तयार करणारं जनुक, म्हणजे त्या विषाची कृती लिहिलेला डीएनएचा तुकडा, प्लाझ्मिडवर असतं. ही चिठ्ठी नसलेली ई. कोलायची भावंडं तुमच्या-माझ्या आतड्यात सुखाने नांदतात.

विष फेकणारे आणि घरात शिरणारे

सगळे रोगजंतू पेशीच्या आत शिरत नाहीत. कॉलऱ्याचा जंतू आतड्याच्या भिंतीला चिकटून बाहेरच राहतो आणि विष सोडतो. हे सिद्ध केलं कोलकात्याच्या शंभूनाथ डे यांनी, १९५९ साली. जंतू गाळून काढून टाकले तरी उरलेल्या द्रवानेच सशाच्या आतड्यात पाणी साठतं, हे त्यांनी साध्या सामग्रीत दाखवलं. रॉबर्ट कॉख यांना कॉलऱ्याचा जंतू १८८४ साली ज्या शहरात सापडला होता, त्याच शहरात. कॉख यांचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे, डे यांचं मी पदवी मिळेपर्यंत ऐकलंही नव्हतं. असो.

साल्मोनेला, शिगेला, येर्सिनिया, कॅम्पिलोबॅक्टर ही मंडळी मात्र पेशीच्या आत जातात. आतड्याची पेशी काही जंतू गिळणारी पेशी नव्हे. गिळणं हे पांढऱ्या पेशींचं काम. मग हे आत जातात कसे? ढकलून, की भोक पाडून?

पावसात कोण भिजलं

फाल्को १९८१ साली स्टॅनफर्डला आला. तिथे राल्फ इसबर्ग या तरुण संशोधकाने त्याच्याबरोबर एक प्रयोग केला, जो मला आजवरच्या सर्वांत देखण्या प्रयोगांपैकी एक वाटतो. घेतला येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस, प्लेगच्या जंतूचा चुलतभाऊ, पेशीत शिरण्यात पटाईत. त्याच्या डीएनएचे तुकडे केले. एकेक तुकडा प्रयोगशाळेतल्या गरीब ई. कोलायमध्ये घातला. या ई. कोलायला पेशीत अजिबात शिरता येत नाही. असे हजारो ई. कोलाय, प्रत्येकाच्या खिशात येर्सिनियाच्या पोथीचं एखादंच पान, माणसाच्या पेशींवर सोडून दिले.

आता आत कोण गेलं हे ओळखायचं कसं? जेंटामायसिन हे अँटिबायोटिक जंतू मारतं, पण पेशीच्या आत सहसा जात नाही. त्याला वळवाचा पाऊस समजा. जे अंगणात राहिले ते भिजले, म्हणजे मेले. जे घरात शिरले ते कोरडे. थोड्या वेळाने औषध धुऊन काढलं, पेशी फोडल्या आणि आतलं पाणी जेलीवर पसरलं. उगवलेला प्रत्येक ठिपका म्हणजे आत शिरलेल्या एका जंतूची पिलावळ.

१९८५ साली हे 'नेचर'मध्ये छापून आलं. शिरण्याचं सगळं कसब एका जनुकात होतं. तेवढं एक पान मिळालं की बापडा ई. कोलायही पेशीत शिरत होता. त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला इन्व्हेसिन हे नाव पडलं.

आणि हे प्रथिन काय करतं? भोक पाडत नाही, काही नाही. प्रत्येक पेशीच्या अंगाला शेजारपाजार घट्ट धरून ठेवायला हात असतात. इन्व्हेसिन त्या हातात हात घालतं, नेहमीच्या शेजाऱ्यापेक्षाही घट्ट. पेशीला वाटतं, कुणीतरी आपलंच आहे. ती आणखी हात पुढे करते, जंतूभोवती पडदा चेन ओढावी तसा मिटत जातो आणि पाहुणा आत. दार जंतूने उघडलंच नाही. पेशीने आतून उघडलं.

गंमत म्हणजे प्लेगच्या जंतूत हेच जनुक मोडक्या अवस्थेत सापडतं. त्याला पिसू थेट कातडीखाली सोडते, त्यामुळे आतड्याचं दार वाजवायची त्याला बहुधा गरजच उरली नाही.

सुई, लाट आणि परत लावलेली कडी

साल्मोनेलाची तऱ्हा वेगळी. टायफॉइड याच्याच एका प्रकारामुळे होतो, आणि अंड्या-मांसातून होणारी विषबाधा दुसऱ्यांमुळे. फाल्कोच्या प्रयोगशाळेतल्या मंडळींनी १९९३ साली दाखवलं, की साल्मोनेला टेकला की पेशीचा पडदा लाटांसारखा उसळतो. शांत तळ्यात म्हैस उतरावी तसा. त्या लाटा जंतूला कवेत घेऊन खाली बसतात. त्या धांदलीत शेजारी उभा असलेला निरुपद्रवी जंतूही कधीकधी आत ओढला जातो, बिचारा, वरातीत सापडलेल्या वाटसरूसारखा.

ही लाट उठते कशी, याचा छडा फाल्कोखेरीज इतरांनी, विशेषतः हॉर्हे गालान या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांच्या गटाने लावला. साल्मोनेलाच्या अंगावर इंजेक्शनच्या सुईसारखी यंत्रं असतात. १९९८ साली त्यांचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो मिळाले. या सुईतून जंतू आपली काही प्रथिनं थेट पेशीत टोचतो. ती आत जाऊन पेशीच्याच स्विचबोर्डवरची बटणं दाबतात, 'बांबू उभे करा' म्हणून. पेशीचा सांगाडा उसळतो, लाट उठते, जंतू आत येतो.

इथवरही ठीक. पण १९९९ साली गालान यांच्या प्रयोगशाळेतून असं आलं, की त्याच सुईतून टोचलेलं आणखी एक प्रथिन थोड्या वेळाने तीच बटणं बंद करतं. लाटा ओसरतात, पेशी पूर्ववत दिसू लागते. चोराने आत येऊन दाराची कडी परत लावून घ्यावी, शेजाऱ्यांना संशय नको म्हणून! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पान उलटं करून पुन्हा वाचलं होतं.

फाल्कोचे शिष्य शंभराच्या वर. त्यातले ब्रेट फिनले पुढे कॅनडात गेले. त्यांच्या गटाला १९९७ साली ई. कोलायच्या एका रोगट जातीत याहून अजब प्रकार दिसला. या जंतूला पेशीवर धरायला जागाच नसते, म्हणून तो आपलंच एक प्रथिन पेशीत टोचतो, ते पडद्यावर येऊन बसतं, आणि जंतू त्यालाच धरतो. पाहुण्याने आपली खुंटी बरोबर आणावी, तुमच्या भिंतीत ठोकावी आणि तिलाच सदरा टांगावा.

हे एवढं खात्रीने कसं सांगता?

रास्त शंका. जंतूकडे हजारो जनुकं असतात. आजार अमक्याच जनुकामुळे होतो, हे कशावरून? वाड्यातला एखादा दिवा गेला तर वायरमन काय करतो? एक फ्यूज काढतो, दिवा बघतो. परत लावतो, पुन्हा बघतो. काढल्यावर दिवा जातो आणि लावल्यावर येतो, तोच तो फ्यूज. फाल्कोने १९८८ साली नेमका हाच नियम शास्त्राच्या भाषेत मांडला. जनुक मोडलं की जंतूची रोग करण्याची ताकद घटली पाहिजे, आणि परत बसवलं की ती परत आली पाहिजे. दुसरी पायरी लोक गाळतात. पण फ्यूज काढताना हाताचा धक्का लागून भलतीच वायर निघाली नाही ना, हे तिच्यामुळेच कळतं.

याच पद्धतीने त्याच्या गटाने १९८३ साली डांग्या खोकल्याच्या जंतूतली एकेक जनुकं मोडून पाहिली होती. हा जंतू नक्की कुठल्या हत्यारांनी मारतो, याची यादी तिथून स्पष्ट होत गेली. डांग्या खोकल्याची जुनी लस अख्ख्या मेलेल्या जंतूंची. नव्या प्रकारात फक्त निवडक हत्यारांचे निष्प्रभ केलेले तुकडे असतात, त्यामुळे ताप आणि सूज कमी येते.

गरीब जंतूला रोगाचं जनुक देणं हा आगाऊपणा नाही का?

ही भीती करोनानंतर वाढली आहे आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. शास्त्रज्ञांनाही ती वाटली होती, लोकांच्या आधी. १९७२ साली होनोलुलूत प्लाझ्मिडवर परिषद भरली होती. रात्री काही मंडळी सँडविच खायला बाहेर पडली. त्यांत फाल्को होता आणि स्टॅन्ली कोहेन व हर्बर्ट बॉयर हेही होते. त्या गप्पांतून कोहेन-बॉयर यांची भागीदारी ठरली आणि एका जीवाचं जनुक दुसऱ्यात बसवण्याचं तंत्र जन्मलं. आज मधुमेह्याला मिळणारं मानवी इन्सुलिन जिवाणूंकडून बनवून घेता येतं ते त्या तंत्रामुळेच.

पण तीन वर्षांच्या आत, फेब्रुवारी १९७५ मध्ये, कॅलिफोर्नियात असिलोमारला हीच मंडळी जमली, ती स्वतःच्या हातांना लगाम घालायला. कुठला प्रयोग कुठल्या बंदोबस्तात करावा, याचा प्लाझ्मिडपुरता मसुदा पाच जणांनी केला. त्यात फाल्को होता. इसबर्गच्या प्रयोगातला ई. कोलायही असा पाळीव, की पिढ्यानपिढ्या प्रयोगशाळेत राहून बाहेरच्या जगात टिकायचं विसरलेला. शिवाय पेशीत शिरता येणं म्हणजे रोग करता येणं नव्हे. आत शिरल्यावर तगावं लागतं, खावं लागतं, पहारेकऱ्यांना चुकवावं लागतं. त्याला लागणारी बाकीची पानं या ई. कोलायकडे नव्हतीच. तरीही नियम ढिले करू नयेत, असं माझं मत.

अँटिबायोटिक आहेत की! मग ही उठाठेव कशाला?

कारण चिठ्ठ्या. टायफॉइडचंच बघा. २०१६ मध्ये सिंधमधल्या हैदराबादेत असा टायफॉइड पसरू लागला, जो नेहमीच्या बहुतेक औषधांना बधेना. त्याच्या जंतूकडे एक नवं प्लाझ्मिड सापडलं, बहुधा ई. कोलायकडून आलेलं. आतड्यातल्या एखाद्या गरीब भाडेकरूच्या खिशातली चिठ्ठी दरोडेखोराच्या हाती. १९७० च्या दशकात फाल्कोच्या गटाने परम्याच्या, म्हणजे गनोरियाच्या, जंतूत पेनिसिलिन हाणून पाडणारी चिठ्ठी शोधली होती, तिच्यावरचा मजकूरही आतड्यातल्या जंतूंकडे असतो तोच होता. जनावरांच्या खाद्यात अँटिबायोटिक मिसळण्याविरुद्ध तो तेव्हापासून बोलत राहिला. आपण सर्दीला, म्हणजे विषाणूला, मेडिकलवाल्याला विचारून अर्धा कोर्स घेतो, तेव्हा विषाणूला काही होत नाही. पोटातल्या जिवाणूंची मात्र परीक्षा सुरू होते आणि चिठ्ठ्या फिरू लागतात.

जंतूविरुद्ध 'युद्ध' आणि '९९.९ टक्के जंतूंचा खातमा' या जाहिरातींच्या भाषेचा मला म्हणून कंटाळा येतो. फाल्कोने २००८ साली लास्कर हा वैद्यकातला मानाचा पुरस्कार मिळाला तेव्हा एक लेख लिहिला. त्याच्या शीर्षकाचा अर्थ असा, की मला न आवडलेला सूक्ष्मजीव अजून भेटलेला नाही. हा निव्वळ लाडिकपणा नव्हता. जंतूच्या जागी बसून विचार केला तर कळतं, त्याला आपल्याला मारण्यात रस नाही. त्याला खायला हवं, एकाचे दोन व्हायचंय आणि पुढच्या घरी जायचंय. जुलाब ही त्याची पुढच्या घरी जायची गाडी आहे. आपण त्या गाडीला रोग म्हणतो.

आपल्या दाराशी याचं काय झालं?

टायफॉइडच्या जंतूभोवती साखरेच्या साखळ्यांची एक चादर असते. ती पांघरून तो पहारेकऱ्यांच्या नजरेतून निसटतो. मग ज्या पांढऱ्या पेशी जंतू गिळून मारतात, त्यांच्याच पोटात बिऱ्हाड करतो. काहींच्या पित्ताशयात तो वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो आणि माणूस ठणठणीत असतो. न्यूयॉर्कची स्वयंपाकीण मेरी मॅलन अशीच होती. तिला जन्मात टायफॉइडचा त्रास जाणवला नाही, पण तिच्या हातचं जेवून माणसं आजारी पडत गेली. दोन वेळा मिळून सव्वीसएक वर्षं तिला अलग ठेवलं गेलं.

पण ही चादरच लशीत घालता येते. नुसती चादर दिली तर लहान बाळांचं शरीर तिच्याकडे ढुंकून बघत नाही. तीच धनुर्वाताच्या निष्प्रभ विषाला जोडून दिली तर शरीर तिला नीट लक्षात ठेवतं. हैदराबादला, आपल्या हैदराबादला, तयार झालेली अशी लस २०१८ साली नवी मुंबई महापालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना मोहीम काढून दिली. पहिल्या फेरीत एक लाखाहून जास्त मुलं होती. सरकारी यंत्रणेतून ही लस मोठ्या प्रमाणावर देण्याची ती सुरुवात. ही लस फाल्कोची नव्हे, पण जंतूचं कुठलं हत्यार हेरायचं हा विचार त्याच रस्त्यावरचा.

फाल्को २०१८ च्या मे महिन्यात, ८४ व्या वर्षी गेला.

आत्याचा प्रश्न

कॅम्पिलोबॅक्टरच्या अंगावरही साखरेच्या साखळ्या असतात. त्याच्या काही जातींत त्या साखळ्या दिसायला माणसाच्या मज्जातंतूंवरच्या साखळ्यांसारख्या असतात, इतक्या की पहारेकरी फसावा. आतड्यात शिरलेल्या जंतूविरुद्ध शरीर प्रतिपिंडं, म्हणजे त्या जंतूची खूण ओळखणारे शिपाई, तयार करतं. जुलाब थांबतात. आठवडा, दोन आठवडे, कधी तीन आठवडे जातात. शिपाई मात्र अजून गस्तीवर असतात. त्यांना पायाच्या नसेवर तीच खूण दिसते आणि ते तिच्यावर तुटून पडतात. नसेतून निरोप जाईनासा होतो. बळ पायांपासून जायला लागतं आणि वर चढतं. हे प्रत्येकाचं होत नाही. कॅम्पिलोबॅक्टरची लागण झालेल्या सुमारे हजारात एकाचं होतं, आणि त्यातले बहुतेक जण वेळेवर उपचार मिळाले तर हळूहळू चालू लागतात.

परवा धायरीला गेले होते तेव्हा हे सगळं आत्याला सांगितलं. ती गवार निवडत होती.

"म्हणजे जंतू पायापर्यंत गेलाच नव्हता?"

"नाही ना. तो आतड्यातच होता. बऱ्याचदा तर तोवर मेलेलाही असतो."

"आणि आपण त्याच्या नावाने बोटं मोडत बसलो."

"पाण्यात तोच होता, आत्या."

"ते आहेच गं," ती म्हणाली आणि शेंगांची ताटली माझ्याकडे सरकवून गॅस बंद करायला उठली. पातेल्याला उकळी आली होती.